यार्ड सांगण्याचं काम

लग्नात सप्तपदी चालताना मला कोणी सांगितलं नव्हतं की साठी जवळ आल्यावर मी विस्कॉन्सिनच्या जंगलात, भडक नारिंगी कोट आणि तसलीच कानटोपी घालून, पहाटेच्या थंडीत एका लाकडी खोपीत बसेन आणि नवऱ्याला हरणाचं अंतर सांगेन. सांगितलं असतं तरी लग्न केलंच असतं म्हणा. त्या वयात माणूस कशालाही हो म्हणतो. पण निदान गुडघे जपून वापरले असते.

आमचे हे मूळचे नागपूरचे. सत्तरच्या दशकात शिकागोजवळच्या एका कारखान्यात इंजिनियर म्हणून आले, पुढे शॉमबर्गला घर घेतलं, आणि ऑफिसातल्या दोन गोऱ्या मित्रांच्या नादाने दर नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला जायला लागले. मी पुण्याची, जन्मात अंडंही न खाल्लेली. हरणाचं मटण सावजी मसाल्यात शिजवायला शिकले, पण चव कधी घेतली नाही. मीठ यांनीच बघायचं. हौसेला मोल नसतं म्हणून मी तो विषय सोडून दिला होता. वर्षातले चार दिवस घर माझं एकटीचं असायचं, तेही काही वाईट नव्हतं.

मग त्या दोघांतला एक मित्र वारला. दुसरा, ज्याच्या मालकीचं ते जंगल आणि त्यातली केबिन होती, तो बायकोच्या संधिवातासाठी फ्लोरिडाला राहायला गेला. जाताना किल्ली यांच्या हातात ठेवली आणि म्हणाला, हात चालतायत तोवर जात जा. झालं. हे एकट्याने जायला निघाले. क्युपर्टिनोहून मुलीचा फोन आला, "आई, ही इज सिक्स्टी-फोर. प्लीज, डोन्ट लेट हिम गो अलोन." मी म्हटलं, मग तू ये. ती म्हणाली, "मला सुट्टी नाही मिळणार गं." मला जणू ऑफिसवाले आरती ओवाळून सुट्टी देत होते. आमच्या विमा कंपनीत त्या वर्षी निम्मी टेबलं रिकामी केली होती आणि उरलेल्या आम्ही दोघादोघांचं काम ओढत होतो. हातात आलेल्या सुट्टीत मला फक्त झोपायचं होतं. पण पदरी पडलं पवित्र झालं म्हणायचं आणि गाडीत बसायचं. दोन हजार चारपासून मी दर वर्षी जायला लागले.

तिथे माझं काम एकच. दुर्बिणीसारखं एक छोटं यंत्र डोळ्याला लावायचं, बटण दाबायचं आणि समोर आलेलं हरीण किती यार्डांवर आहे ते हळूच सांगायचं. यार्ड म्हणजे आपला वार. मला वार म्हटलं की लुगडंच आठवतं, पण ते असो. मी आकडा सांगेपर्यंत बंदूक मांडीवरून उचलायची नाही असा यांचा नियम होता. तो त्या फ्लोरिडाच्या मित्राने घालून दिलेला. शिंगाळं हरीण समोर आलं की शिकाऱ्याचा डोळा खोटं बोलायला लागतो, लांबचं जवळ वाटतं, म्हणून आकडा दुसऱ्याने सांगायचा. आधी तो मित्र सांगायचा, आता मी.

आकड्याला हद्द असे, आणि ती दर ऑक्टोबरात ठरे. घराजवळच्या नेमबाजीच्या मैदानावर जायचं. जंगलात जसं बसतो तसंच बसायचं, जाड कोट घालून, कोपरं गुडघ्यांवर टेकून. पुठ्ठ्यावर एक कागदी प्लेट लावायची. हरणाच्या छातीत हृदय आणि फुफ्फुसं मिळून जेवढी जागा असते तेवढी ती प्लेट. तिच्यावर पाच गोळ्या झाडायच्या. पाचही आत लागल्या तर ते अंतर त्या वर्षीची हद्द. एक जरी बाहेर गेली तर प्लेट जवळ आणायची आणि पुन्हा पाच. हद्दीबाहेरच्या हरणावर गोळी झाडायची नाही, मग ते कितीही वेळ उभं राहो.

"पाचातल्या चार चालत नाहीत का?" मी पहिल्या वर्षी थंडीने कावून विचारलं.

"मग पाचवं हरीण कुठे जातं?" हे म्हणाले.

प्लेटा आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या. दर वर्षी महाप्रसादातून उरलेले गठ्ठे ठेवायला कोणाच्या घरी जागा नसते, आणि आमचं गराज मोठं म्हणून ते आमच्याकडे येतात. उपमा, बटाटेवडा आणि शिऱ्याच्या मुदीपुरती ती लहान प्लेट, बरोबर हरणाच्या छातीएवढी. विघ्नहर्त्याच्या प्रसादाच्या प्लेटीला भोकं पाडता, पाप लागेल, असं मी म्हणायचे. हे म्हणायचे, वापरलेल्या थोड्याच आहेत.

कोणे एके काळी म्हणे यांची हद्द अडीचशे यार्ड होती. मी जायला लागले तेव्हा दीडशे. पुढच्या वर्षी शंभरावरही गोळ्या प्लेटीबाहेर जायला लागल्या. हे बंदुकीला दोष देत होते, वाऱ्याला देत होते, चष्म्याला देत होते. शेवटी मैदानावरच्या एका म्हाताऱ्याने मला बाजूला घेऊन एक युक्ती सांगितली. यांनी तोंड फिरवायचं आणि बंदूक मी भरायची. कधी खरं काडतूस घालायचं, कधी रिकामं. यांना कळू द्यायचं नाही.

रिकाम्याच्या वेळी बंदूक वाजली नाही, पण तिची नळी दचकून खाली गेली. पुन्हा रिकामं घातलं, पुन्हा तेच. यांच्याकडची थर्टी-ऑट-सिक्स ही जुनी आणि भारी बंदूक खांद्याला जोरात लाथ मारते, आणि दुखरा खांदा ती लाथ बसायच्या आधीच अंग चोरत होता. चापावरचं बोटही थोडं थरथरत होतं. डॉक्टर म्हणाले होते, वयाचं आहे. पस्तीस वर्षांच्या संसारात मी यांना कशालाही दचकताना पाहिलं नव्हतं, आणि ते असं आडून, परीक्षा घेतल्यासारखं पाहायला लागलं. मला फार वाईट वाटलं. हे बंदुकीकडे बघत म्हणाले, "अजून एकदा भर." मी भरली नाही. थंडी वाजतेय म्हणून गाडीत जाऊन बसले.

त्या वर्षी काहीच मिळालं नाही. बंदूक बदलायची, लहान कॅलिबरची घ्यायची, असं हिवाळाभर घरात चाललं. कॅलिबर म्हणजे नळीचा आणि गोळीचा व्यास, एवढं मलाही आता कळत होतं. पुढच्या गणपतीत, शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, मंडळातल्या तरुण पोरांना ही बातमी लागली. पुण्या-मुंबईची, कामाच्या व्हिसावर आलेली हुशार पोरं. मुलगी बघायला जायचं असो की टीव्ही घ्यायचा असो, आधी तुलनेचा तक्ता करणार.

"काका, सरळ थ्री हंड्रेड मॅग्नम घ्या," एक जण म्हणाला. "फोर हंड्रेड यार्ड्सला पण फुल पॉवर राहते. मी सगळं रिसर्च केलंय."

"ओव्हरकिल आहे यार ते," दुसरा म्हणाला. "काका, टू-सेव्हंटी बघा. गोळी एकदम फ्लॅट जाते."

"तुमच्यापैकी कोणी हरीण मारलंय का?" यांनी विचारलं.

"नाही काका, पण फोरमवर वाचतो ना रोज."

उंटावरचे शहाणे म्हणतात ते हेच. मोदक संपवून हे शांतपणे म्हणाले, "बंदूक चारशे यार्ड मारते की पाचशे, हे दुकानदाराने पाहावं. मी किती यार्डांवरून नक्की मारतो, एवढंच मला पाहायचं आहे. हरणाला गोळी केवढी होती ते कळत नाही रे. कुठे लागली ते कळतं." मग यांनी टू-फॉर्टी-थ्री घेतली, लहान गोळीची, खांद्याला हलकी. घरी आल्यावर मला म्हणाले, "हिचं एक वाईट आहे. मोठ्या गोळीला थोडी चूक खपते, हिला नाही खपत."

त्या ऑक्टोबरात चमत्कार झाला. नवी बंदूक, नवा गठ्ठा फोडला, शंभर यार्डांवर पाचही आत. सव्वाशेवर आत. दीडशेवर आत. हे मैदानावरून चालत आले ते तिशीतल्या माणसासारखे, बंदूक खाली ठेवून मला म्हणाले, "पाहून राहिली ना? खांद्याचंच होतं सगळं." मलाही आनंद झाला. घरी येताना आम्ही डेव्हॉनवर, शिकागोतल्या आपल्या लोकांच्या हॉटेलांच्या रस्त्यावर, थांबून जेवलो. मला हे जंगल नको होतं, पण यांचा असा चेहरा हवा होता, आणि दोन्ही एकदम मिळत नव्हतं.

हे का जातात ते तोवर मला कळलं होतं. तिकडे रस्त्यावरच्या छोट्या दुकानात कॉफी घ्यायला थांबलं की सगळे आमच्यासारखेच नारिंगी कोटातले शिकारी. तू कुठला, नावाचा उच्चार कसा करायचा, परत कधी जाणार, असलं कोणी विचारत नाही. विचारतात एवढंच, काही दिसलं का? तीस वर्षं या देशात काढून यांना तो एकच प्रश्न मनापासून आवडला होता. हे अगदी त्यांच्याच ढंगात मान हलवून सांगायचे, अजून नाही. मी बाजूला उभी राहून चहा मिळेल का ते बघायचे.

हंगामाच्या दुसऱ्या दिवशी एक नर समोर आला. मी म्हटलं, "एकशे चाळीस." हद्दीच्या आतलं होतं. यांनी बंदूक उचलली, वेळ घेतला आणि झाडली. हरणाने पाठीची कमान केली आणि शेपूट दाबून झाडीत गेलं. यांचा चेहरा उतरला.

"पोटात लागली," हे म्हणाले.

अशा वेळी लगेच मागे जायचं नसतं. मागे लागलं तर ते धावत राहतं आणि कधीच सापडत नाही. म्हणून थांबायचं, त्याला बसू द्यायचं. तिकडे ते जीव मुठीत धरून बसलंय हे माहीत असताना इकडे थर्मासमधला चहा प्यायचा. मी तो प्यायले, मला तो गोड लागला, आणि त्याचाही मला राग आला. दुपारी निघालो. बर्फावर थेंब दिसायचे, मग बरंच अंतर काहीच नाही, मग पुन्हा एक थेंब. देवदारांच्या दलदलीपाशी अंधार पडला आणि परत फिरावं लागलं. त्या रात्री दोघंही जेवलो नाही.

सकाळी सापडलं. जिवंत होतं. मान वर करून बसलं होतं आणि आमच्याकडे बघत होतं, पळण्याची ताकद नव्हती. यांनी जवळून एक गोळी घातली आणि बर्फात मटकन बसले. मला यांची दया यायला हवी होती, पण आली नाही. मी म्हटलं, "रात्रभर होतं ते असं. रात्रभर." परतीच्या रस्त्यात पाच तास गाडीत फक्त हीटरचा आवाज होता.

कारण घरी आल्यावर कळलं. गराज आवरताना मला गेल्या वर्षीची एक भोकं पडलेली प्लेट सापडली. या वर्षीच्या दीडशे यार्डांच्या प्लेटीवर ती ठेवायला गेले तर खालची चारी बाजूंनी दोन दोन बोटं बाहेर. तेव्हा आठवलं. त्या गणपतीत मंडळाच्या नव्या कमिटीने उपम्याऐवजी पुरणपोळीचं पूर्ण जेवण ठेवलं होतं, आणि लहान प्लेटीत पोळी मावत नाही म्हणून जेवणाच्या मोठ्या प्लेटा आणल्या होत्या. लांबून दोन्ही पांढरे ठिपकेच. नेम बसला की माणूस प्लेट मोजायला जात नाही. पाचातली तीन भोकं त्या दोन बोटांच्या पट्टीत होती.

मी यांना हाक मारली आणि दोन्ही प्लेटा हातात दिल्या. यांनी लहान मोठीवर ठेवली, काढली, परत ठेवली.

"म्हणजे मला जमलंच नव्हतं," हे म्हणाले.

मी आता कानाला खडा लावतील असं समजले. मुलीलाही फोनवर तसं सांगून टाकलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मनातून सुटकाही वाटली, खोटं कशाला सांगू. पण पुढच्या ऑक्टोबरात हे लहान प्लेटा घेऊन गाडीत बसले. शंभरावर नाही. पाऊणशेवर दोन बाहेर. मग प्लेट पन्नास यार्डांवर लावली, म्हणजे आमच्या रस्त्यापलीकडच्या तिसऱ्या घराइतकी. पाचही आत लागल्या.

"पन्नास," हे म्हणाले. "पन्नास तर पन्नास."

जंगलात पन्नास यार्डांवर हरीण येणं म्हणजे ते आपणहून घरी चहाला येण्यासारखं. तरी आम्ही गेलो. शुक्रवारी गाडी चालवली, शनिवारी पहाटेपासून खोपीत बसलो. एकशे वीसवर एक आलं, मी आकडा सांगितला, बंदूक मांडीवरच राहिली. दुसऱ्या दिवशी नव्वदवर दोन माद्या. बंदूक मांडीवरच. तिसऱ्या दिवशी काही आलं नाही. माझे गुडघे सुजले होते, आणि ऑफिसात परतल्यावर साचलेल्या कामाचा डोंगर मला डोळ्यांपुढे दिसत होता. यांचं नाक लाल झालं होतं, हात मोज्यात असूनही थरथरत होते. मी एकदाही म्हटलं नाही की पुरे करा. कसं म्हणणार? पुढच्या वर्षी ती हद्द तीसवर येणार होती की संपणारच होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी तो आला. मोठा, जाड मानेचा, चार चार टोकांची शिंगं. यांनी इतक्या वर्षांत एवढा मारला नव्हता. खोपीसमोरच्या, ओंडके ओढायच्या जुन्या वाटेवर येऊन आडवा उभा राहिला, छाती पूर्ण मोकळी. मी यंत्र डोळ्याला लावलं. बासष्ट.

हे समोर बघत होते, बंदूक मांडीवर, माझ्या आकड्याची वाट बघत. बारा यार्डांचा फरक. आमच्या घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतसुद्धा नाही. माझ्या जिभेवर अठ्ठेचाळीस आलं होतं. कोणाला कळणार होतं? यांच्या आयुष्यातला शेवटचा नर, आणि तो द्यायचं माझ्या हातात होतं. या हौसेवर मी आयुष्यभर कुरकुर केली होती, आणि आता मला ती यांच्यासाठी पुरी व्हायला हवी होती. पण यांचे हात थरथरत होते, आणि त्या जखमी हरणाची वर केलेली मान मी विसरले नव्हते.

"बासष्ट," मी म्हटलं.

यांनी मान हलवली. बंदूक उचलली नाही. ते हरीण काही जाईना. वाटेवर उभं राहून त्याने एक फांदी खाल्ली, कान फिरवले, आमच्याकडे पाठ केली, पुन्हा वळलं. शेवटी सावकाश लांबच्या बाजूला चालत गेलं. जाताना एकदाही जवळ आलं नाही.

"मला साठाच्या पुढेच वाटलं होतं," हे म्हणाले. "तू कमी सांगशील असं वाटलं."

"सांगितलं असतं तर?"

"तर मारलं असतं."

मग यांनी बंदुकीतली काडतुसं एकेक करून काढली आणि खिशात ठेवली. हातमोजे घातले. थर्मासचं झाकण घट्ट केलं. "चल," हे म्हणाले. "घरी जाऊ. आता पुरे." चार वर्षं थंडीत बसून मी हेच ऐकायची वाट बघितली होती.

"बसू या अजून थोडं," मी म्हटलं.

"पाय दुखून राहिले असतील तुझे."

"दुखू देत. बसा तुम्ही."